बांधातली मोठी गोम: जात नक्की कशावरून ठरवायची?

माळरान
नमस्कार मंडळी. सासवडच्या पुढे आमचं शेतघर आहे. पाऊस लागला की दगडी बांधातल्या गोमी घराकडे सरकतात, हे दरवर्षीचंच. यंदा चांगली मोठी एक हाती लागली आहे. सध्या काचेच्या बरणीत आहे, झाकणाला भोकं पाडली आहेत, तळाला ओली माती आहे. पाठ शेवाळी-पिवळट, प्रत्येक खंडाची मागची कड काळपट, डोकं तांबूस, पाय पिवळे.

आमचे तात्या म्हणतात, काळी ती जहाल आणि पिवळी ती साधी. मुलीने एका गटावर फोटो टाकला तर तिघांनी तीन नावं सांगितली: एकाने स्कोलोपेंड्रा हार्डविकी, दुसऱ्याने स्कोलोपेंड्रा जायगँटिया, तिसऱ्याने एथ्मोस्टिग्मस. मला नुसतं नाव नको, रीत हवी आहे. गोमीची जात ठरवताना जाणकार तिच्या अंगावर नेमकं कुठे बघतात? मोबाइल आणि साधं भिंग एवढ्यावर घरी जमेल का? आणि तिला मारू नये असं कोणाचं मत असेल तर कारणासकट लिहा, घरात माझ्या बाजूने कोणी नाही.

नंदू_कुडाळ
आमच्याकडे घोण म्हणतात. अंगणात कोंबडी सोडा, जात-कुळी सगळं तीच बघेल.

सायलीची_आई
बाकी सगळं नंतर. बरणीचं झाकण घट्ट बसलंय ना?

टेकडीवाला
माळरान, प्रश्न फार चांगला विचारलात. रंगाचं आधी बाजूला ठेवू. एकाच जातीच्या गोमी वेगवेगळ्या जिल्ह्यांत वेगळ्या रंगाच्या निघतात, पिल्लाचा रंग वेगळा, मोठीचा वेगळा, कात टाकल्यावर आणखी वेगळा. म्हणून रंगावरून सांगितलेलं नाव मी तरी धरून चालत नाही.

वरून खाली येऊ. संघ संधिपाद, वर्ग कायलोपोडा. या वर्गात आज पाच गण आहेत. पायांच्या जोड्या मोजल्या की गण जवळजवळ हातात येतो:

घरात भिंतीवर सुळकन पळणारी, लांब लांब पायांची जी असते ती स्क्युटिजेरोमॉर्फा, १५ जोड्या. दगडाखाली राहणारी लहान तपकिरी लिथोबायोमॉर्फा, तिच्याही १५. दोऱ्याइतक्या बारीक आणि लांबच लांब, मातीत राहणाऱ्या त्या जिओफिलोमॉर्फा, २७ पासून थेट १९१ जोड्यांपर्यंत. आपल्याला घरात, बांधात, गोठ्यात दिसते ती जाड, दणकट गोम म्हणजे स्कोलोपेंड्रोमॉर्फा, २१ किंवा २३ जोड्या. पाचवा गण टास्मानिया आणि न्यूझीलंडमध्येच आहे, त्याचा आपल्याला उपयोग नाही.

तेव्हा पहिलं काम, जोड्या मोजा. बरणीच्या तळातून, खालच्या बाजूने फोटो काढा, तो मोठा करून मोजा. डोक्याखालचे दोन जाड आकडे पायांत धरू नका. ते विषाचे आहेत.

खगेंद्र
म्हणजे ते आकडे तोंडाचा भाग, बरोबर? जबडे?

टेकडीवाला
नाही, आणि गोमीच्या शरीरात मला सगळ्यात विलक्षण वाटते ती हीच गोष्ट. ते जबडे नाहीत, ते पाय आहेत. धडाच्या पहिल्या खंडाचे पाय बदलत बदलत विषाचे आकडे झाले. विषाची ग्रंथी आत, नळी टोकाजवळ उघडते. खरे जबडे त्यांच्या मागे झाकलेले असतात आणि ते लहान असतात. म्हणजे गोम 'चावते' तेव्हा ती खरं तर पायाने टोचते. जिवंत प्राण्यांत पायाचा असा विषारी आकडा फक्त गोमींकडेच आहे. सिल्युरियन काळाच्या अखेरच्या, सुमारे ४२ कोटी वर्षांपूर्वीच्या गोमींचे जीवाश्म सापडले आहेत. इतका जुना हा वंश आहे.

नंदू_कुडाळ
४२ कोटी वर्षं जगली, आमच्या कोंबडीपुढे टिकली नाही.

पारिजात
नंदूदादा, कोंबडीलाही डंख बसतो कधीकधी. आमच्या एका तलंगेच्या चोचीखाली चांगली सूज आली होती.

मला एक विचारायचंय. वाणी म्हणतात तो, शिवला की गोल होणारा, तोही गोमच का? लहानपणी आम्ही दोन्हींना सारखेच घाबरायचो.

मृण्मयी
पारिजात, वाणी वेगळा. त्याला पैसा किडाही म्हणतात. त्याच्या बहुतेक खंडांना पायांच्या दोन-दोन जोड्या, गोमीच्या खंडाला एकच. तो कुजका पालापाचोळा खातो, विषाचे आकडे नाहीत. गोम मात्र शिकारी. दोघांचा उपसंघ एक, वर्ग वेगळे.

गुरुजी_कराड
मी प्राणिशास्त्र शिकवायचो, निवृत्त आहे. आमच्या विद्यार्थिदशेत प्रयोगशाळेत गोमीचं विच्छेदन असे. तेव्हा वहीत नाव लिहायचो ते स्कोलोपेंड्रा अमेझोनिका. नंतरच्या पुस्तकांत तीच गोम स्कोलोपेंड्रा मॉर्सिटन्स झाली. आपल्या दख्खनच्या गोमीला अमेझॉनचं नाव का मिळालं आणि ते गेलं कसं, हे कोणी सविस्तर सांगेल का? आम्हाला तेव्हा सांगणारं कोणी नव्हतं.

अश्मक
गुरुजी, प्रयत्न करतो.

लिनिअसने १७५८ मध्ये मॉर्सिटन्स हे नाव दिलं. त्या वेळी त्याने गोमींना पंख नसलेल्या कीटकांत, कोळी आणि खेकड्यांच्या शेजारी बसवलं होतं. वर्णन फार त्रोटक, त्यामुळे पुढची दोनशे वर्षं मॉर्सिटन्स नक्की कोणती यावर वाद चालले. कायलोपोडा हा वर्ग लात्रेयने १८१७ मध्ये वेगळा केला. न्यूपोर्टने १८४४ च्या सुमारास खूप जाती वर्णिल्या. माळरान यांना कोणी सांगितलेली हार्डविकी त्यातलीच, थॉमस हार्डविक या भारतात नोकरी केलेल्या लष्करी अधिकाऱ्याच्या नावाची. मग जर्मन भाषेत दोन मोठे ग्रंथ आले, १९०३ मध्ये क्रेपेलिनचा आणि १९३० मध्ये आटेम्सचा.

अमेझोनिका हे नाव ब्राझीलच्या ब्यूशर्लने १९४६ मध्ये वापरात आणलं. पन्नाशीच्या दशकात बी. एस. जंगी यांनी आपल्याकडच्या नेहमीच्या गोमीच्या शरीररचनेचा आणि वर्गीकरणाचा कसून अभ्यास केला, तो अमेझोनिका या नावाखाली. त्यांच्या कामावरूनच देशभर विच्छेदन शिकवलं गेलं, म्हणून तुमच्या वहीत ते नाव आलं. सत्तरच्या दशकात अमेझोनिका आणि मॉर्सिटन्स वेगळ्या नाहीतच असं ठरलं आणि जुनं नाव परत आलं. गोम तीच होती. जंगी यांनी काढलेला एकेक स्नायू आणि एकेक काटा आजही तितकाच खरा आहे.

जंगी आणि दास यांनी १९८४ मध्ये दख्खनच्या स्कोलोपेंड्रिडी कुलाचा आढावा घेतला. महाराष्ट्रात गोमीवर काम करणाऱ्याला आजही तिथूनच सुरुवात करावी लागते.

गुरुजी_कराड
फार आभारी आहे. जंगींचं नाव विद्यार्थ्यांपर्यंत पोचायला हवं होतं.

सायलीची_आई
वाचतेय आणि पाय वर घेऊन बसलेय. पण थांबवत नाही.

खगेंद्र
गोमीला शंभर पाय असतात की नाही, याचं उत्तर द्या कोणीतरी, पोरगं विचारतंय.

टेकडीवाला
पोराला सांगा, मोठ्या गोमीत पायांच्या जोड्या नेहमी विषम असतात: १५, २१, २३, ४९, ५१. शंभर पाय व्हायला ५० जोड्या लागतील आणि ५० सम. म्हणून बरोबर शंभर पायांची गोम मिळत नाही. १९१ जोड्यांपर्यंत जाणाऱ्या गणातसुद्धा हा नियम पाळला जातो. ब्राझीलमध्ये २००८ मध्ये वर्णन झालेल्या एका स्कोलोपेंड्रिड गोमीला ३९ आणि ४३ जोड्या निघाल्या, त्याही विषम. एरवी त्या कुलात २१ किंवा २३ च.

माळरान
मोजल्या. २१ जोड्या. शेवटची जोडी चालताना जमिनीला टेकवत नाही, मागे उचलून धरते. डाव्या बाजूची शेवटची तंगडी उजवीपेक्षा बारीक आणि आखूड आहे, ते काय आहे?

टेकडीवाला
ती पूर्वी तुटली असणार आणि कात टाकताना परत आली. तिच्यावरचे काटे मोजू नका, फसाल. परत आलेल्या पायावर काट्यांची संख्या बिघडते. मिशांचंही तसंच. तुटून वाढलेल्या मिशीत कांड्या कमी-जास्त होतात. नुसत्या आकड्यांवर नवीन जाती जाहीर करणाऱ्यांनी शंभर वर्षांत यातून बराच गोंधळ घातला आहे.

आता पुढची पायरी, डोळे. डोक्याच्या दोन्ही बाजूंना मिशीच्या मुळामागे बघा.

माळरान
बॅटरी तिरपी धरल्यावर दिसले. प्रत्येक बाजूला चार काळे चकचकीत ठिपके.

टेकडीवाला
म्हणजे कुल स्कोलोपेंड्रिडी. क्रिप्टॉपिडी कुलात २१ जोड्या असल्या तरी डोळे नसतात, त्या गोमी लहानही असतात.

आता खरं काम. श्वासरंध्रं बघायची आहेत. पाठीचा पट्ट आणि पोटाचा पट्ट यांच्या मधल्या मऊ कातडीत, पायाच्या मुळाच्या वर. सगळ्या खंडांना ती नसतात. स्कोलोपेंड्रा या प्रजातीत (प्रजाती म्हणजे जीनस, जवळच्या जातींचा गट) नऊ जोड्या असतात आणि त्यांचे खंड ठरलेले: ३, ५, ८, १०, १२, १४, १६, १८, २०. सुरुवातीला विषम, मध्ये उडी, मग सम. ऱ्हायसिडा आणि एथ्मोस्टिग्मस या प्रजातींत सातव्या खंडावर आणखी एक जोडी असते. म्हणून गोमीचा सातवा खंड बघितल्याशिवाय कोणी प्रजातीचं नाव सांगितलं तर ऐकू नका.

आकारही बघा. स्कोलोपेंड्राचं श्वासरंध्र त्रिकोणी, आत तीन झडपा. एथ्मोस्टिग्मसची गोल, मोठी, चाळणीच्या भोकांसारखी उघडी.

खंड मोजताना विषाच्या आकड्यांचा खंड सोडायचा. पहिले चालायचे पाय जिथे, तो पहिला.

शिरीष_मावळ
मी यात थोडा विरोध नोंदवतो. २०-२५ वर्षं डोंगरात फिरतोय. दख्खनच्या पठारावरची पिवळट-पट्टेवाली आणि घाटमाथ्यावरच्या ओल्या जंगलातली निळसर-काळी, यात माझी सहसा गफलत होत नाही. प्रत्येकाला बरणी आणि भिंग शक्य नसतं. ठिकाण, अधिवास, रंग मिळून अंदाज बांधता येतो की.

अश्मक
शिरीषदादा, अंदाज म्हणून ठीक आहे आणि तुमच्या नजरेबद्दल शंका नाही. पण घाटातलंच उदाहरण घ्या. आता हैदराबादच्या सीसीएमबी या जीवशास्त्र संशोधन संस्थेत असलेल्या जाह्नवी जोशी आणि लंडनच्या नॅचरल हिस्टरी म्युझियमचे ग्रेगरी एजकोम यांनी २०१८ मध्ये द्वीपकल्पीय भारतातल्या एथ्मोस्टिग्मसचा डीएनए आणि शरीररचना एकत्र तपासली. वरून सारख्या दिसणाऱ्यांतून नव्या जाती निघाल्या. त्यातल्या एकीचं नाव एथ्मोस्टिग्मस सह्याद्रेन्सिस. आपल्याच घाटातली गोम, नाव मिळालं २०१८ मध्ये. त्यांच्या हिशेबाने इथल्या एथ्मोस्टिग्मसच्या फांद्या क्रिटेशस काळाच्या अखेरीला फुटायला लागल्या, म्हणजे भारताचा तुकडा आशियाला येऊन धडकायच्या आधी. या प्रजातीचे नातेवाईक आज आफ्रिकेत आणि ऑस्ट्रेलियात आहेत, हे त्याच्याशी जुळतं.

तुमची निळसर-काळी 'एक' गोम कदाचित दोन निघेल. म्हणून फोटो काढताना एक बाजूने काढाच.

शिरीष_मावळ
मान्य. रंगाने मी प्रजातीपर्यंत जाईन, जातीचा दावा करणार नाही. बाजूच्या फोटोंचं मनावर घेतो.

डॉ_मीरा
ग्रामीण रुग्णालयात काम करते. पावसाळ्यात गोम चावलेले रुग्ण नियमित येतात, म्हणून जरा लिहिते.

गोम चावली की जवळजवळ दोन बारीक खुणा दिसतात, दोन आकड्यांच्या. दुखणं जोराचं, काही तास ते एक-दोन दिवस, सूज, लाली, कधी काखेत किंवा जांघेत अवधाण. निरोगी मोठ्या माणसाला सहसा जिवाचा धोका नसतो. साबण-पाण्याने धुवा. सोसवेल इतक्या गरम पाण्यात, साधारण ४५ अंश, भाग वीस-तीस मिनिटं बुडवून ठेवला तर बऱ्याच जणांना आराम पडतो. पाणी आधी दुसऱ्या कोणीतरी हाताने तपासावं, दुखऱ्या भागाला चटका कळत नाही. वेदनाशामक आणि धनुर्वाताची लस डॉक्टरांना विचारून. गोमीच्या विषासाठी वेगळी प्रतिविषलस वापरात नाही.

तोंड सुजणं, अंगभर गांधी, धाप, चक्कर यांपैकी काहीही झालं किंवा लहान मुलाला चावली तर थेट दवाखाना गाठा.

चुना, रॉकेल, जखमेला चीर देणं यापैकी काही करू नका. चावल्यापेक्षा चीर दिल्याने झालेल्या जखमा मी जास्त वाईट बघितल्या आहेत.

पारिजात
मीराताई, काळी जहाल आणि पिवळी साधी यात तथ्य आहे का?

डॉ_मीरा
दवाखान्यात तरी रंगावरून फरक पडलेला दिसत नाही. गोम किती मोठी, किती विष सोडलं, कुठे चावली आणि माणसाला त्याचं वावडं आहे का, यावर सगळं ठरतं.

खगेंद्र
कानात शिरते म्हणतात ते?

डॉ_मीरा
कानात किडा जाणं होतं, जास्त करून झुरळं आणि छोटे भुंगे. जमिनीवर झोपणाऱ्याच्या कानात लहान गोम जाऊ शकते, पण तिला तुमच्या कानाची ओढ नसते. गेलीच तर काडी घालू नका, दवाखान्यात या.

पारिजात
विषावरून आठवलं. एका गोमीने स्वतःच्या पंधरापट वजनाचा उंदीर अर्ध्या मिनिटात आडवा केल्याचं वाचलं होतं. खरं आहे?

अश्मक
खरं आहे. चीनमध्ये सोनेरी डोक्याच्या स्कोलोपेंड्रावर झालेलं संशोधन आहे, २०१८ चं. त्या विषातला एक घटक हृदय, श्वास आणि स्नायू चालवणाऱ्या पोटॅशियमच्या वाटा एकदम बंद करतो. आणि हा शिकारीचा आवाका फक्त प्रयोगशाळेतला नाही. व्हेनेझुएलातल्या एका गुहेत स्कोलोपेंड्रा जायगँटिया छताला मागच्या पायांनी धरून लटकते आणि उडती वटवाघळं पकडते, याची नोंद २००५ मध्ये झाली. तीस सेंटिमीटरपर्यंत जाणारी गोम ती. माळरान, तुमच्या मुलीला कोणी जायगँटिया सांगितलं असेल तर ते सोडून द्या. ती दक्षिण अमेरिकेच्या उत्तर भागातली आहे, सासवडला येणार नाही.

मृण्मयी
लाओस-थायलंडची पोहणारी गोमही सांगा की! स्कोलोपेंड्रा कॅटारॅक्टा. ओढ्यातल्या दगडाखाली राहते, पाण्यात उतरून तळाने पळते. २०१६ मध्ये नाव मिळालं.

सायलीची_आई
आता पाण्यातही नाही का सोडणार?

माळरान
फोटो निघाले. मुलीने बरणी आडवी धरली, मी भिंग मोबाइलच्या कॅमेऱ्यापुढे धरलं. बराच वेळ गेला, ती थांबतच नव्हती. शेवटी बरणीत ओला कापूस टाकल्यावर त्याखाली अंग चेपून शांत बसली.

श्वासरंध्रं तिसऱ्या, पाचव्या आणि आठव्या खंडावर स्वच्छ दिसतात. सातव्यावर नाही, दोन्ही बाजूंनी बघितलं. आकार त्रिकोणी, टोक पुढे. उजवी मिशी १९ कांड्यांची, डावी अर्धवट. मिशीच्या बुडाच्या काही कांड्या गुळगुळीत चकचकीत आहेत, पुढच्यांवर बारीक लव आहे. लांबी मिशा आणि शेवटचे पाय सोडून साडेदहा सेंटिमीटर.

टेकडीवाला
उत्तम! लांबी अशीच मोजतात, मिशा आणि शेवटचे पाय सोडून. एथ्मोस्टिग्मस आणि ऱ्हायसिडा बाद झाल्या. ही स्कोलोपेंड्रा.

आता शेवटच्या पायांकडे या, उजव्या. बुडाकडचा सर्वांत जाड भाग, प्रीफीमर, तो दोन बाजूंनी बघायचा. खालून: काटे किती आणि कसे मांडलेत. वरून: पृष्ठभाग गोलसर आहे की चपटा.

नंदू_कुडाळ
एवढी चौकशी आमच्या सोयरिकीतही होत नाही.

खगेंद्र
नंदूशेठ, सोयरिकीत शेवटचे पाय बघत असते तर कित्येक संसार वाचले असते.

माळरान
खालच्या बाजूला नऊ काटे, तीन रांगांत, प्रत्येकी तीन. आतल्या कडेलाही काही आहेत आणि कोपऱ्यावर एक छोटा उंचवटा, त्याच्या टोकाला काटे. वरून बघितलं तर चपटा आहे, स्पष्टच. दोन्ही कडा किंचित उचललेल्या, मधे सपाट. त्याच्या पुढचा भागही तसाच.

टेकडीवाला
मग झालं. स्कोलोपेंड्रा मॉर्सिटन्स, आणि नर आहे.

कारणं लिहून ठेवा. सातव्या खंडावर श्वासरंध्र नाही आणि बाकीची त्रिकोणी, म्हणून स्कोलोपेंड्रा. प्रीफीमरखाली तीन रांगांत नऊच्या आसपास काटे, हे मॉर्सिटन्सचं नेहमीचं लक्षण, एखाददुसरा इकडेतिकडे होतो. आणि शेवटचे पाय वरून चपटे, कडा उचललेल्या, ही या जातीच्या नराची खूण. गोमींमध्ये नर-मादी बाहेरून ओळखणं एरवी फार अवघड असतं, या जातीत पायावर ते लिहिलेलं मिळतं.

हार्डविकीच्या अंगावर काळ्या आणि नारिंगी-लाल खंडांचे आळीपाळीने गडद पट्टे असतात. तुमच्या गोमीला नुसत्या मागच्या कडा काळपट आहेत. पण मी केवळ त्यावरून नाही म्हणालो नसतो, काटे बघूनच म्हणतोय.

मॉर्सिटन्स उष्ण कटिबंधात फार पसरली आहे, आफ्रिकेपासून ऑस्ट्रेलियापर्यंत. त्यातला काही प्रसार माणसाच्या सामानासोबत झाला असावा असं मानतात. माळरानं, बांध, दगडांचे ढीग ही तिची जागा, तेव्हा सासवड अगदी शोभतं.

अश्मक
पुरवणी जोडतो. पाऊस लागल्यावर ती घरात का येते, याचंही उत्तर तिच्या कातडीत आहे. कीटकांच्या अंगावर पाणी राखणारा मेणाचा थर असतो तसा गोमीवर नसतो आणि श्वासरंध्रं तिला पूर्ण मिटता येत नाहीत. अंगातलं पाणी सारखं उडतं. म्हणून दिवसा ओलसर फटीत, रात्री बाहेर. बांधात पाणी भरलं की फट बुडते आणि ती कोरड्यात नाही, तर बेताच्या ओलीत जाते. न्हाणीघर, मोरी, ओलं पायपुसणं.

मारू नये याचं कारण: झुरळं, रातकिडे, वाळवी, लहान कोळी हे तिचं रोजचं खाणं. घरात लहान मूल असेल तर तिला घरात ठेवा असं मी म्हणणार नाही. लांब चिमट्याने किंवा बरणी उपडी घालून खालून पुठ्ठा सरकवा आणि घरापासून लांबच्या बांधात सोडा. उंबऱ्याच्या फटी बुजवा, मोरीला जाळी लावा, भिंतीलगतचा दगड-विटांचा ढीग हलवा. एवढ्याने येणं पुष्कळ कमी होतं.

नंदू_कुडाळ
माझं मत बदललं नाही, घरात आली तर मी सोडणार नाही. पण बांधातलीला हात लावणार नाही, हे कबूल. आणि पुढची सापडली की आधी सातवा खंड बघतो, मग कोंबडी.

डॉ_मीरा
नंदूदादा, बघताना हातमोजे घाला.

माळरान
सर्वांचे मनापासून आभार. तात्यांना फोटोत काटे दाखवले. त्यांनी भिंग हातात घेऊन स्वतः मोजले आणि 'नर आहे होय' एवढं बोलून बरणी माझ्याकडे दिली. संध्याकाळी ओढ्यापलीकडच्या बांधात सोडतो.

पारिजात
धागा उशिरापर्यंत वाचत बसले. एक शंका, कदाचित वेगळा धागा लागेल. आज गच्चीतली कुंडी उचलली तर खाली एक गोम वेटोळं करून बसली होती, पिवळसर अंड्यांच्या घोसाभोवती. मी घाबरून कुंडी परत ठेवली. आता काय करू?

टेकडीवाला
ठेवलीत तेच योग्य केलंत. एक आठवतंय का बघा: अंडी तिच्या पोटाशी, पायांच्या कवेत होती की पाठीच्या बाजूला? जिओफिलोमॉर्फांतल्या बहुतेक कुलांत आई पाठ आत करून बसते, स्कोलोपेंड्रोमॉर्फांत पोट आत. बसण्याची ही ढबही वर्गीकरणात धरतात.

पारिजात
पोटाशी. पाय सगळे आत वळवलेले. जाडीला पेन्सिलीपेक्षा कमी असेल.

टेकडीवाला
म्हणजे स्कोलोपेंड्रोमॉर्फा. लहान आहे, ऱ्हायसिडा असू शकेल, पण ते सातव्या खंडाशिवाय सांगता येणार नाही आणि आत्ता तो बघायला जाऊ नका. ती अंडी चाटून साफ ठेवते, नाहीतर बुरशी चढते. सारखं उघडून त्रास दिला तर ती अंडी टाकून जाते किंवा स्वतःच खाऊन टाकते. या गणातली पिल्लं पायांच्या सगळ्या जोड्या घेऊनच जन्मतात, भिंतीवरच्या लांब पायांच्या गोमीत मात्र जोड्या कात टाकत टाकत वाढत जातात. पिल्लं पांगेपर्यंत, काही आठवडे, कुंडी हलवू नका. पाणी कडेने, बेताने घाला, खाली तळं होऊ देऊ नका. आणि गच्चीत मुलं अनवाणी फिरत असतील तर त्या कोपऱ्यात एक खुर्ची आडवी लावून ठेवा.

पारिजात
लावली खुर्ची. पिल्लं पांगली की कळवते, तेव्हा सातव्या खंडाचा फोटोही काढून बघते.